कड्यावरचं फाटक, वाटेवरची काठी

"ये गं तांबडे, ये गं ढवळे, उतर हळू हळू,
कड्यावरच्या कोवळ्या गवताकडे उद्या पुन्हा वळू.
वारा फिरला, पाणी गढुळलं, दिवस गेला कलून,
दार ठेवलंय उघडं तुला, ये गं मान हलवून."

हा आवाज मी ऐकला त्याला फार वर्षं झाली. गाणाऱ्याचा गळा काही गोड नव्हता. मधेच फाटायचा, मधेच समुद्राच्या गाजेत बुडायचा. पण त्या आवाजासरशी वरच्या कुरणातल्या गाई चरता चरता माना वर करायच्या आणि एकीमागे एक खाली यायला लागायच्या. माझ्या अंगाला अंग घासत त्या आत शिरायच्या. त्यांच्या पाठींची ऊब मला अजून आठवते.

मी एक जुनी काठी आहे, मित्रांनो. पण जन्मले तेव्हा मी काठी नव्हते. तेव्हा मी फाटक होते, पाच आडव्या पट्ट्यांचं, दोन बिजागऱ्यांवर झुलणारं. समुद्राच्या कडेकडेनं एक पायवाट जाते. ती कडे चढते, ओहोळ उतरते, लोकांच्या कुरणांतून वाट काढते आणि चालणाऱ्यानं चालतच राहिलं तर त्याला कित्येक दिवस पुरते. त्या वाटेवर एका गवळ्याचं कुरण लागायचं. वर कड्यावरचं गवत, खाली गोठा, आणि दोन्हींच्या मधे मी.

वादळात पडलेल्या एका झाडापासून सुतारानं मला घडवलं. झाड मेलं तेव्हा मी रडले असेन, पण रंधा फिरू लागला तसं मला गुदगुल्या झाल्यासारखं वाटलं. मला खांबावर चढवून सुतारानं एकदा उघडून पाहिलं, एकदा लावून पाहिलं आणि म्हणाला, "कुरकुरलं तर तेल द्या. नाही कुरकुरलं तरी द्या. घरातल्या बाईमाणसासारखं आहे, ती तक्रार करेपर्यंत थांबलात तर उशीर झालेला असतो."

ते ऐकून गवळी हसला. त्याला सगळे थोरला म्हणत, कारण त्याला एक धाकटा भाऊ होता आणि त्याला सगळे धाकटा म्हणत. आईवडील गेल्यावर थोरल्यानं धाकट्याला वाढवलं होतं. थोरला दूध काढायचा, हिशेबाचं बोलायचा, रागवायचा. धाकटा गाई चारायचा आणि गायचा. थोरल्याची बायको, म्हणजे वहिनी, दोघांनाही ओरडायची. असं ते घर होतं.

आणि बोक्या होता. बोक्या म्हणजे कुत्रा. पिल्लू असताना तो गोठ्यातल्या मांजरांच्या घोळक्यात वाढला, बशीतून लपलप दूध प्यायला शिकला, म्हणून वहिनीनं त्याचं नाव बोक्या ठेवलं. वाटेवरून जाणारे लोक त्याला बघून आधी दचकायचे. मग कुणीतरी गोठ्यातून हाक मारायचं, "बोक्याऽ, इकडे ये!" आणि ते लोक इकडेतिकडे मांजर शोधायचे. ही गंमत मी पुष्कळदा पाहिली आहे. बोक्या चालणाऱ्यांना आमच्या कुरणाच्या शेवटापर्यंत पोचवायचा. पुढच्या कुरणाचं कुंपण आलं की बसायचा, ते लोक दिसेनासे होईपर्यंत बघायचा आणि परत यायचा.

आमच्याकडे एक रीत होती, ती नीट ऐका, कारण पुढचं सगळं तिच्यातूनच घडलं. दिवसभर मी लावलेली असायची. पण समुद्रावरून वारा फिरला, म्हणजे वादळाचं चिन्ह दिसलं, की धाकटा येऊन मला सताड उघडायचा आणि दोरीनं बाजूच्या खुंटाला बांधून ठेवायचा. नाहीतर वारा मला आपटून लावायचा आणि कडीही आपोआप पडायची. मग तो गोठ्यात जाऊन दावी सोडवायचा, गवत घालायचा. वर बोक्या गाई गोळा करायचा आणि त्या आपापल्या खाली यायच्या. वादळात गाईंना हाकावं लागत नाही. त्यांना फक्त वाट मोकळी लागते.

वर्षं चांगली गेली. चालणारे लोक माझ्यावर कोपरं टेकून समुद्र बघायचे. कुणी पाठीवरची पिशवी माझ्यावर अडकवून बुटातला खडा काढायचं. "काय सुंदर जुनं फाटक आहे," असं कुणी म्हटलं की मला आपलं उगाच ताठ उभं राहावंसं वाटायचं. ते पुढे निघून जायचे. मी तिथेच. कधी कधी मनात यायचं, ही वाट पुढे जाते कुठे? फाटकाला दोनच दिशा ठाऊक असतात, उघडं आणि बंद.

मग तो दिवस आला.

दुपार कलता कलता वारा फिरला. समुद्राचं पाणी शिशासारखं झालं. धाकटा धावत आला, त्यानं मला उघडलं, दोरी खुंटाला दोनदा गुंडाळली, गाठ मारली, ओढून पाहिली आणि गोठ्याकडे गेला. ते त्याचं नेहमीचं काम होतं. त्याच्या बोटांना ते इतकं पाठ होतं की तो त्या वेळी गातच होता.

थोड्या वेळानं एक बाई आली. पाठीवर निळी पिशवी, चेहऱ्यावर बऱ्याच दिवसांचं ऊन. ती तो सगळा किनारा एकटी चालत होती. आदल्याच दिवशी कुठल्याशा शेतावर फाटक उघडं राहिलं म्हणून तिला भरपूर ओरडा बसला होता. ती माझ्यातून आली, मागे वळली, वर चरणाऱ्या गाई पाहिल्या. "कुणीतरी उघडंच टाकून गेलंय," असं ती स्वतःशी पुटपुटली. मग तिनं ती गाठ नखांनी हळूहळू सोडवली, मला लोटलं, कडी घातली, कडी नीट बसली का ते हलवून पाहिलं आणि समाधानानं पुढे गेली. दोरी खाली पडली होती. ती पुढच्या सोसाट्यानं उडवून नेली.

मित्रांनो, तिनं वाईट काही केलं नव्हतं. तिनं आपल्या परीनं कुणाची तरी काळजी घेतली होती. आणि मला तोंड नव्हतं.

पाऊस आडवा आला. बोक्यानं गाई खाली आणल्या आणि त्या माझ्याशी येऊन थटल्या. मागच्या पुढच्यांना रेटू लागल्या. बोक्या माझ्या खालच्या पट्टीवर पंजे मारून भुंकत होता, पण वाऱ्यापुढे त्याचा आवाज गोठ्यापर्यंत पोचत नव्हता. मी कडीला सगळा जोर लावला. लोखंडाला काय त्याचं. कळपात एक कालवड होती, पहिल्यांदाच गाभण, चांदी नावाची. वीज कडाडली तशी ती बिथरली, वळली आणि कड्याकडे सुटली. बोक्या तिच्यामागे गेला. तिला वळवायला तो नेहमी पुढे जाऊन आडवा व्हायचा. तसाच तो त्या दिवशीही पुढे गेला. कड्याच्या टोकाला गवत ओलं होतं.

दोघंही परत आली नाहीत.

दुसऱ्या दिवशी अंगणात शेजारीपाजारी जमले होते. थोरल्याचा चेहरा मी कधी तसा पाहिला नव्हता.

"गाठ मारता येत नाही तुला?" तो म्हणाला. "एवढं एक काम!"

"मारली होती, दादा."

"मारली होती? मग काय वाऱ्यानं बोटं लावून सोडली?"

कुणीतरी हसलं. वाईट हेतूनं नव्हे, असंच, अवघडल्यावर लोक हसतात तसं. धाकटा आपल्या हातांकडे बघत उभा राहिला.

"तुझ्या हाताला जनावराची काळजीच नाही," थोरला म्हणाला. "गाण्यात लक्ष. जा, गात बस."

वहिनी मधे पडली, "अहो, पुरे आता," म्हणाली. पण बोललेलं बोललं गेलं होतं. त्यानंतर धाकटा गायला नाही. काही आठवड्यांनी एक गाठोडं घेऊन तो माझ्यातून बाहेर पडला, वळून त्यानं मला लावलं, कडी घातली, ती दोनदा तपासली आणि किनाऱ्याच्या वाटेनं निघून गेला. वाटेच्या दुसऱ्या टोकाला एक बंदर आहे. तिथे दोरखंड वळण्याच्या शेडमधे त्याला काम मिळालं, असं कळलं.

पुढच्या वर्षी तीच निळ्या पिशवीवाली बाई पुन्हा आली. थोरला माझी बिजागरी बघत होता.

"भाऊ, तुमचा तो कुत्रा दिसत नाही?" तिनं विचारलं. "मागच्या खेपेला त्याच्यासाठी मी बिस्किटं काढली होती, पण तो गाईंत गुंतला होता. म्हणून या वेळी मुद्दाम आणलीत."

थोरल्यानं सांगितलं. थोडक्यातच सांगितलं. वारा, भावाची गाठ, चांदी, बोक्या, भावाचं बंदराला निघून जाणं. ऐकता ऐकता ती बाई खाली गवतावर बसली.

"ती गाठ मी सोडली," ती म्हणाली. "मला वाटलं, कुणी उघडं टाकून गेलंय. मी सोडली आणि मीच लावलं."

मग थोरला तिला म्हणाला, "बाई, तुम्ही काय जाणूनबुजून केलंत? उठा. गवत ओलं आहे."

बघा, परक्या बाईला त्यानं किती सहज माफ केलं.

"तुमच्या भावाला सांगा," ती म्हणाली. "नाहीतर पत्ता द्या, मी जाऊन सांगते. मी त्याच वाटेनं चालले आहे."

"नको. मी सांगेन. ते माझं काम आहे."

तिनं विश्वास ठेवला आणि ती गेली. बिस्किटं तिनं माझ्या खांबाशी ठेवली होती. ती पाखरांनी खाल्ली.

थोरल्यानं सांगितलं नाही. आधी म्हणाला, गाई विताहेत, जरा मोकळा झालो की जातो. मग म्हणाला, पावसाळा सरू दे. हे तो माझ्यावर हात टेकून मलाच सांगायचा, घरात कुणालाच नाही. वहिनीलाही त्यानं काही कळू दिलं नाही. मग तो मलाही सांगेनासा झाला. जितके दिवस गेले तितकं ते जड झालं. एका महिन्याचं मौन मोडणं सोपं असतं. वर्षांचं मौन मोडायचं तर आधी त्या सगळ्या वर्षांचं उत्तर द्यावं लागतं.

माझेही दिवस फिरले. तेल बंद झालं. मी कुरकुरले, मग कण्हले, मग एका बिजागरीवर तिरकी लटकले. चालणारे आता माझ्यावर कोपर टेकत नसत, लाथेनं ढकलून जात. घरात नवा कुत्रा आला नाही. वहिनीनं विषय काढला की थोरला उठून बाहेर जायचा. त्याचे केस पांढरे झाले.

शेवटी एके दिवशी लोखंडी फाटकं बसवणारे कामगार आले. सगळ्या वाटेवर आता आपोआप लागणारी फाटकं बसवणार होते. त्यांनी मला खांबावरून उतरवलं आणि म्हणाले, "आजोबा, हे चुलीला होईल."

थोरल्यानं मला गोठ्याशी नेलं. कुऱ्हाड उचलली, खाली ठेवली. पुन्हा उचलली, पुन्हा ठेवली. शेवटी माझी वरची पट्टी त्यानं वेगळी काढली, ज्या पट्टीवर तो इतकी वर्षं हात टेकत आला होता ती. ती उभी चिरली आणि तासायला बसला.

वहिनी दारातून बघत होती. "काठी करताय?"

"हं."

"बरं झालं. फाटकसुद्धा सुटलं एकदाचं जागेवरून. आता तुम्हीही सुटा. जाऊन या धाकट्याकडे. दुपारच्या बसनं गेलात तर अंधाराच्या आत पोचाल."

थोरला तासतच राहिला. मग म्हणाला, "बसनं नको. चालत जातो."

"चालत? गुडघ्यांना विचारलंत का?"

"बसनं फार लवकर पोचेन."

वहिनीला ते काही समजलं नाही. मला समजलं.

अशी मी काठी झाले, मित्रांनो, आणि इतकी वर्षं ज्या वाटेकडे मी नुसती बघत होते त्या वाटेवर निघाले. किती होतं बघायला! कड्यांवर पांढरी फुलं, खाली खडकांत फुटणारं पाणी, आणि गावंच्या गावं ज्यांचं तोंड समुद्राकडे. पण मला आनंद झाला म्हणू तर तो पुरता नव्हता. ज्याचा भार माझ्यावर होता तो दर चढावर थांबून मागे, घराकडे बघत होता.

वाटेत कुरणं लागत. पहिल्याच दिवशी एक कळप वाट अडवून उभा होता. थोरला थांबला. गाईंपुढे घाई करायची नसते, हे त्याला कुणी सांगायला नको होतं. सगळ्यांत पुढच्या गाईकडे बघून तो एकदम म्हणाला, "असं बघ, धाकट्या, झालं असं की..." गाय रवंथ करत राहिली. थोरला अडखळला. "म्हणजे, मला नंतर कळलं... नाही, असं नको." त्यानं पुन्हा सुरुवात केली. गाईनं शेपटीनं माशी हाकली आणि बाजूला झाली.

त्यानंतर तो भेटेल त्या जनावराला सांगत सुटला. एका गाढवाला सांगितलं. ओहोळातल्या बदकांना सांगितलं. मेंढ्यांच्या कळपासमोर तर तो बराच वेळ उभा राहिला आणि हातवारेही करू लागला, तोच मागून आवाज आला.

"आजोबा, माझ्या मेंढ्यांची समजूत घालताय का?" मेंढपाळीण होती, कंबरेवर हात ठेवून उभी. "उगाच दमू नका. त्यांना कुणाचं काही पटत नाही."

थोरला ओशाळला. "भावाला एक सांगायचंय. सराव करतोय."

"कुठे आहे भाऊ?"

"बंदरात. अजून लांब आहे."

तिनं त्याच्याकडे नीट पाहिलं, मग त्याला दगडावर बसवून पाव आणि गरम दूध दिलं. जाताना एवढंच म्हणाली, "सराव पुष्कळ झाला असेल, आजोबा. आता नुसतं चाला."

एका शेतावर दोन कुत्री सुटी होती. एक धावत आलं, दात दाखवत, मानेवरचे केस उभे करून. अशा वेळी काठी कशासाठी असते ते सगळ्यांना माहीत आहे. मीही अंग आवळून तयार होते. पण थोरल्यानं मला गवतावर आडवी ठेवली आणि स्वतः खाली बसला. हात मोकळे गुडघ्यांवर ठेवले, मान खाली घातली. कुत्रं भुंकत भुंकत जवळ आलं. गोल फिरलं. मग त्यानं थोरल्याच्या तळहातावर नाक टेकवलं. त्या वादळानंतर थोरल्याला कुत्र्याचा स्पर्श पहिल्यांदाच होत होता. तो रडत होता आणि कुत्रं त्याची मनगटं चाटत होतं. शेताच्या शेवटापर्यंत ते आमच्याबरोबर आलं. कुंपणाशी बसलं. थोरल्यानं मागे वळून पाहिलं नाही. पाहवलं नाही.

मित्रांनो, काठीनं कुणाला उपदेश करू नये, पण आता म्हातारी झाले आहे, एक मागणं मागते. लाकडाला वेळेवर तेल द्या. वाटेत एखादं फाटक उघडं दिसलं तर हात लावण्याआधी इकडेतिकडे बघा, कुणाला तरी विचारा, ते तसं का आहे. आणि ज्याच्यावर तुम्ही नाहक बोल लावला असेल, त्याच्याकडे लवकर जा. इतक्या लवकर जा की काठी लागू नये.

बंदर आलं. दोरखंडाची शेड लांबच लांब होती. एका टोकाला चाक फिरत होतं आणि सुताचे पीळ एकमेकांत वळत दुसऱ्या टोकाकडे जात होते. त्या दुसऱ्या टोकाला, पिळावर हात ठेवून, एक पांढऱ्या केसांचा माणूस मागे मागे चालत होता. मी ते हात ओळखले.

"दादा?" तो थबकला. "चालत आलास? बस बंद पडल्या की काय?"

"म्हटलं, पाय मोकळे करावेत."

"एवढे?"

दोघंही हसले. मग धाकटा त्याला घरी घेऊन गेला. शेडमागच्या एका खोलीत धाकटा राहायचा. खोलीत पलंग, टेबल, एक खिडकी. भिंतीवर खिळ्यांची रांग, आणि प्रत्येक खिळ्याला दोरीचा एकेक तुकडा गाठ मारून लटकवलेला. मांजर नाही, पाखरू नाही. बाहेर कुठे कुत्रं भुंकलं की धाकटा उठून खिडकी लावायचा.

जेवले. गुडघ्यांबद्दल बोलले. दातांबद्दल बोलले. वहिनी कशी आहे, दूध कुठे जातं, माशांचं काय चाललंय, सगळं बोलून झालं. थोरला दोन दिवस राहिला आणि जे गाईंना, गाढवाला, बदकांना सांगितलं ते त्याच्या ओठांवर आलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यानं मला हातात घेतलं.

"निघतो," म्हणाला.

धाकटा दारापर्यंत आला. चौकटीला टेकून उभा राहिला.

"दादा, एक बोलायचं राहिलं." तो जमिनीकडे बघत होता. "तेव्हा मी तुला उलट उत्तर दिलं होतं. मारली होती म्हणालो होतो. आता मला तसं म्हणवत नाही. चूक माझीच असणार. त्या भिंतीवर बघितलंस ना? तीच गाठ आहे, सगळ्या तुकड्यांना. ओढून पाहतो, भिजवून पाहतो, वाऱ्यात टांगून पाहतो. एकदाही सुटत नाही. मग त्या दिवशीच कशी सुटली, ते मला अजून कळत नाही. पण सुटली खरी. चांदी गेली. बोक्या गेला. मला माफ कर."

माझ्यावरचा हात इतका घट्ट आवळला गेला की मला माझे जुने तंतू करकरल्यासारखे वाटले. थोरल्यानं मला भिंतीला टेकवून ठेवलं. आधाराशिवाय उभा राहिला, आणि धाकट्याचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले.

"सुटली नव्हती," तो म्हणाला. "तुझी गाठ पक्की होती, धाकट्या. चालत जाणाऱ्या एका बाईनं ती नखांनी सोडली आणि फाटक लावलं. तिला वाटलं, कुणी उघडं टाकलंय. पुढच्याच वर्षी तिनं येऊन मला सांगितलं. तेव्हापासून मला माहीत आहे. मी तुला सांगितलं नाही."